वस्तीत परतलेले दुकान

अमेरिकेतील ग्रीन्सबरो शहराच्या ईशान्य भागात, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्तीतले मोठे किराणा दुकान १९९८ मध्ये बंद झाले. दुसरी कंपनी तेथे येईना. अखेर रहिवाशांनीच प्रत्येकी शंभर डॉलरचा भाग घेऊन सहकारी दुकान काढले. २०१६ मध्ये ते उघडले, आणि अपेक्षेइतकी विक्री न झाल्याने २०१९ च्या जानेवारीत त्याला कुलूप लागले. इंग्लंडात १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढले, तेव्हा भांडवलावर ठरावीक व्याज देऊन उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात वाटण्याचा नियम केला होता. सभासदाने रोजचे वाणसामान तेथूनच न्यावे, ही त्यामागची व्यवहारी जाण. ग्रीन्सबरोच्या लोकांची जिद्द उणी नव्हती. पण दुकान चालायला भागधारकाची पिशवीही रोज तेथेच भरावी लागते.