आयबीएम आय प्रणालीवरील माहिती आज्ञावलीतून मिळवणे

आयबीएम आय ही आयबीएम कंपनीच्या मध्यम श्रेणीच्या व्यावसायिक संगणकांवरील संचालन प्रणाली आहे. तिच्यावर चालू असलेल्या आज्ञावलीने (प्रोग्रॅम) यंत्राचे नाव, अनुक्रमांक, तारीख, वापरकर्ता इत्यादी तपशील प्रणालीलाच विचारून घेण्याच्या अनेक पद्धती आहेत.

पार्श्वभूमी

सिस्टीम/३६ व सिस्टीम/३८ यांचा वारसा सांगणारा एएस/४०० हा संगणक २१ जून १९८८ रोजी जाहीर झाला. तो अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर येथे विकसित झाला. पुढे आयसिरीज (२०००), सिस्टीम आय (२००६) अशी नावे बदलत २००८ मध्ये संचालन प्रणालीला आयबीएम आय हे नाव मिळाले. जुने जाणकार मात्र अजूनही एएस/४०० असेच म्हणतात. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवसाय गुंडाळला आणि १९९२ मध्ये टाटा समूहाच्या भागीदारीत ती परतली. त्यामुळे एएस/४००च्या पूर्वसुरींच्या काळात कंपनी भारतात नव्हती.

गरज

चाचणीसाठी खऱ्या यंत्रावरील विदा (डेटा) व आज्ञावल्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवतात. तिथली आज्ञावली आपण कोठे चालत आहोत हे न तपासता कामाला लागली, तर खऱ्या ग्राहकांना खोटी देयके जाऊ शकतात. यंत्राचे नाव आज्ञावलीत कायमचे लिहून ठेवणे हा उपाय नव्हे. प्रत काढताना ते नावही जसेच्या तसे जाते. अनुक्रमांकही पुरेसा नाही, कारण एकाच यंत्राच्या सर्व तार्किक विभागांचा अनुक्रमांक एकच असतो.

पद्धती

सीएल या आज्ञाभाषेत ‘रिट्रीव्ह सिस्टीम व्हॅल्यू’ ही आज्ञा प्रणाली-मूल्य चलात (व्हेरिएबल) आणून देते. प्रणालीचे नाव मात्र प्रणाली-मूल्यांत नसून जाळ्याच्या गुणधर्मांत असते व ‘रिट्रीव्ह नेटवर्क अ‍ॅट्रिब्यूट्स’ने मिळते, नवशिके येथेच अडखळतात. तारखेबाबतही सावधगिरी हवी. क्यूडेट या मूल्यातील अंकांचा क्रम क्यूडॅटएफएमटीवर ठरतो. ०३०४२५ ही तारीख भारतीय रीतीने ३ एप्रिल, तर अमेरिकी रीतीने ४ मार्च होते. शतक क्यूसेंच्युरीत वेगळे नोंदलेले असते : ० म्हणजे १९२८ ते १९९९, १ म्हणजे २००० ते २०५३.

आरपीजी भाषेत ४२९ बाइटांची ‘प्रोग्रॅम स्टेटस डेटा स्ट्रक्चर’ नुसती घोषित केली की प्रणालीच ती भरते. तिच्यात कार्याचे (जॉब) नाव २४४–२५३, वापरकर्ता २५४–२६३ आणि कार्यक्रमांक २६४–२६९ या स्थानांवर असतो. दुसऱ्या संगणकावरून ओडीबीसीद्वारे जोडलेल्या कार्यांत २५४व्या स्थानापासून सर्वांसाठी क्यूयूजर हेच नाव दिसते. प्रत्यक्ष व्यक्तीचे खाते ३५८–३६७ येथे शोधावे लागते. नोंदवहीत पहिलेच नाव लिहिणाऱ्या आज्ञावलीकडून कोणी कोणती नोंद बदलली, हे लेखापरीक्षकाला कधीच कळणार नाही.

प्रोसेसरवरील भार, साठवणुकीचा वापर अशा सतत बदलणाऱ्या गोष्टींसाठी क्यूडब्ल्यूसीआरएसएसटीएस हा एपीआय आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत सिस्टीम_स्टेटस_इन्फो व सिस्टीम_व्हॅल्यू_इन्फो या दृश्यांतून (व्ह्यू) हीच माहिती साध्या एसक्यूएल प्रश्नाने मिळते आणि बाइटांची स्थाने मोजण्याचा त्रास उरत नाही.