बुडालेल्या कंपनीची ठेव

लिनक्स किंवा बीएसडी वापरणाऱ्याला एक प्रश्न ठरलेला असतो: "सगळं ठीक, पण यावर गेम चालतात का?" आज या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहू.

डिसेंबर १९९७ मध्ये आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकनं 'डूम'चा सोर्स कोड खुला केला. गंमत बघा, गेम गाजला डॉसवर, पण खुला झालेला कोड लिनक्स आवृत्तीचा होता. डॉसच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती ना!

पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात स्कॉट ड्रेकर यांनी लोकी सॉफ्टवेअर काढली. धंदा एकच: विंडोजवरचे गाजलेले गेम परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात भरून विकायचे. पहिला गेम १९९९ चा, 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर'. अडचण अशी की विंडोजचे गेम चित्र, आवाज, कीबोर्ड यांसाठी बहुधा डायरेक्टएक्सवर विसंबलेले, आणि ते लिनक्सवर नाही. इथे सॅम लँटिंगा यांची एसडीएल कामाला आली. हा मधला दुभाष्या समजा. गेम म्हणतो, "खिडकी उघड, कोणती कळ दाबली ते सांग." ते त्या त्या सिस्टिमच्या भाषेत करून घ्यायचं काम एसडीएलचं. लँटिंगा लोकीचे मुख्य प्रोग्रामर होते.

कंपनी मात्र टिकली नाही. ऑगस्ट २००१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, जानेवारी २००२ मध्ये टाळं. माझ्या मते घोडं उशिरामुळे अडलं. लिनक्सची प्रत येईपर्यंत हौशी माणसानं विंडोजची घेऊन गेम संपवलेलाही असायचा.

मग ते विकलेले गेम? फ्रीबीएसडीचा कर्नल लिनक्सच्या सिस्टिम कॉलना थेट उत्तर देऊ शकतो. अख्ख्या यंत्राची नक्कल करावी लागत नाही, म्हणून वेगही फारसा जात नाही. ओपनबीएसडीनं मात्र ही सोय २०१६ मध्ये, ६.० आवृत्तीत, काढून टाकली. ज्या लिनक्स गेमचा कोड बंद, त्याला तिथे दार बंद झालं.

एसडीएलचं तसं झालं नाही. कोड खुला, त्यामुळे कंपनी बुडाली तरी काम चालू राहिलं. २०१३ मध्ये एसडीएल २.० अधिक मोकळ्या परवान्यासह आली. आज ओपनबीएसडीवर 'चॉकलेट डूम' लावा. आत कारमॅकचा तोच कोड आहे, आणि खिडकी उघडून देते एसडीएल.