बाहत्तरचा हजेरीपट

बाहत्तरच्या दुष्काळाची गोष्ट आजी सांगायची, तेव्हा तिच्यात उपासमार कमी आणि हजेरीपटाचं भांडण जास्त असायचं.

माणदेशातलं आमचं गाव. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं मिळेल त्या भावाला बाजारात. अशात पाझर तलावाचं काम निघालं. बाप्ये खोदायचे, बाया घमेली वाहायच्या, म्हातारीकोतारी खडी फोडत बसायची. कामावर सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. भाकरी थापायला घेतली की तुटायची. आजीनं मिलोला जन्मभर नावं ठेवली. जगलो तिच्यावरच, हेही तीच सांगायची.

हजेरीवर अंगठा उठवायचा. आजीला अक्षरओळख नव्हती, म्हणून ती चुलीमागच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढी. एका पगाराला कारकुनानं तिचे खाडे दाखवले. आजीनं त्यालाच घरी आणून भिंतीपुढं उभं केलं. "भीक मागतोय व्हय आम्ही? मोज की रेघा!" पैसे मिळाले.

1973 च्या उन्हाळ्यात राज्यात अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. वसंतराव नाईकांच्या सरकारला याचं श्रेय द्यायला हरकत नाही. पण कामं निघाली ती मोर्चे निघाले म्हणूनही, हे विसरायला नको. सरकारवरचा विश्वास म्हणतात तो आजीच्या असल्या तंट्यातूनच बसतो, असं मला वाटतं. ज्याच्याशी हिशेबावरून भांडता येतं, ते सरकार आपलं.

कामाची हमी देण्याची कल्पना मात्र दुष्काळाआधीची. विसापूरचे वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. 1965 मध्ये तासगाव तालुक्यात त्यांच्या पुढाकारानं हा प्रयोग झाला. पुढं 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला: गावात मागेल त्याला काम, 15 दिवसांत न दिल्यास बेकारी भत्ता. मेहेरबानीचा हक्क झाला. 2005 मध्ये देशानं त्याच धर्तीवर कायदा केला.

या हमीला पैसा लागणार म्हणून 1975 साली महाराष्ट्रात व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या घमेल्याचा भार उचलायचा, असा तो सौदा. तुमच्या पगारातून दरमहा साधारण 200 रुपये आजही कापले जातात. ते कुठल्या कामावर गेले, हे आपल्या आमदाराला एकदा विचारून बघा.