नावाआड गेलेले लेणे

अंधेरीच्या महाकाली केव्ह्ज रोडने नित्य जाणाऱ्या अनेकांस, ज्या लेण्यांवरून त्या रस्त्यास नाव मिळाले ती मुळात बौद्ध भिक्खूंची होत, हे ठाऊक नसते. कोंडिविटे येथील या १९ लेण्यांपैकी क्रमांक ९ चे चैत्यगृह आम्ही निरखून पाहिले. स्तूपापुढे झोपडीसारखी गोलाकार भिंत खडकातच कोरलेली असून तिला जाळीदार गवाक्षे आहेत. सम्राट अशोकाने आजीवकांस दिलेल्या, बिहारातील बराबर टेकडीवरील सुदामा लेण्यातही असाच गोल कक्ष आढळतो. येथील ब्राह्मी लेखात विहारदानाची नोंद आहे. नाव बदलले, तरी हा लेख बदललेला नाही. उपासक-उपासिकांनी मुलाबाळांसह येथे येऊन तो अवश्य पाहावा, अशी आमची विनंती आहे.