झे. सोलकर

जुन्या मराठी पेपरातले धावफलक ज्यांनी वाचलेत त्यांना 'झे.' आणि 'गो.' समजावून सांगायला नको. झे. म्हणजे झेल कुणी घेतला, गो. म्हणजे गोलंदाज कोण. बाद झालेल्याचं नाव, मग झे. अमुक, गो. तमुक, मग धावा. फलंदाजाला स्वतःची ओळ असते. गोलंदाजाला खाली वेगळा तक्ता असतो. झेल घेणाऱ्याला काहीच नसतं. तो बिचारा कायम दुसऱ्याच्या ओळीत, पोटभाडेकरू असल्यासारखा.

तर आज अशाच एका पोटभाडेकरूबद्दल. आणि त्याच्यावरून झालेल्या माझ्या आणि बाबांच्या भांडणाबद्दल.

२६ जून २००५, रविवार. एकनाथ सोलकर मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय फक्त ५७. मी तेव्हा पुण्यात, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. सोमवारी सकाळी ऑफिसात फोन वाजला. खामगावहून बाबा. आमचे बाबा फोनवर बोलणारे नव्हेत. पोचलास का, जेवलास का, ठेवतो. त्या दिवशी मात्र नुसतं म्हणाले, "सोलकर गेला रे."

मी काय केलं? समोर कॉम्प्युटर होता, तेव्हा आपण इंजिनियर लोक जे करतो तेच. आकडे काढले. २७ कसोटी, १०६८ धावा, सरासरी २५.४२, एक शतक, १८ बळी. आणि शहाण्यासारखं बोलून गेलो, "बाबा, आकडे काही एवढे ग्रेट नाहीत हो त्याचे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "तुले काय समजते!" आणि फोन बंद.

आईने नंतर सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी बाबांचे तिघं मित्र घरी आले. एक मास्तर, एक छापखानेवाले काका, एक कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारे. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि चौघांनी मिळून ओव्हलवरचा तो झेल आमच्या ओट्यावर निदान दहा वेळा घेतला. छापखानेवाले काका तर (वय तेव्हा साठ) सतरंजीवर आडवे होऊन दाखवत होते म्हणे. कुठल्या हाताने पकडला यावर वादही झाला.

गंमत अशी की चौघांपैकी एकानेही सोलकरला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नव्हतं. बघणार कुठे? आमचा बुलढाणा जिल्हा विदर्भात, आणि रणजीत विदर्भ मध्य विभागात, मुंबई पश्चिम विभागात. त्यामुळे मुंबईची ती जबरदस्त टीम आमच्या बाजूला साखळी सामने खेळायला यायचा प्रश्नच नव्हता. राहिली कसोटी. ऑक्टोबर १९६९ मध्ये नागपूरला इतिहासातली पहिली कसोटी झाली, न्यूझीलंडविरुद्ध. बाबा आणि छापखानेवाले काका खामगावहून जलंबला आले, तिथे गाडी बदलली आणि नागपूर गाठलं. भारत १६७ धावांनी हरला. हे दोघं तोंड पाडून परत. आणि पुढच्याच आठवड्यात, त्याच मालिकेतल्या पुढच्याच कसोटीत, हैदराबादला एका २१ वर्षांच्या मुलाने पदार्पण केलं. एकनाथ धोंडू सोलकर!

नागपूरला यानंतरची कसोटी झाली १९८३ मध्ये. सोलकरची कारकीर्द तोवर कधीच संपली होती. म्हणजे एका कसोटीने हुकला तो हुकलाच.

आता थोडं मुंबईकडे जाऊ, कारण हा माणूस आला कुठून हे बघितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मरीन ड्राइव्हवर जिमखान्यांची रांग आहे. हिंदू, इस्लाम, पारशी. धर्मवार वाटणी, इंग्रजांच्या काळातली. त्यातल्या हिंदू जिमखान्यात सोलकरचे वडील मैदान राखायचे. कुटुंब मैदानाच्या कडेलाच एका खोलीत. पोरगा सामन्यांच्या वेळी धावफलकावरचे आकडे बदलायचा. (हे वाचल्यावर मला जरा लाजच वाटली. मी ज्याचे आकडे फोनवर वाचून दाखवत होतो, तो लहानपणी दुसऱ्यांचे आकडे खिळ्याला टांगत होता.)

मैदान राखणारा आणि मैदानात खेळणारा यांच्यातलं अंतर आपल्याकडे किती होतं हे कळायला आणखी मागे जायला हवं. पळवणकर बाळूनेही सुरुवात पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करत, साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकत केली. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभरावर बळी घेतले. देशातला सर्वोत्तम गोलंदाज. पण दलित, म्हणून हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, तेही बऱ्याच झगड्यानंतर. सोलकरचा काळ वेगळा, त्याची गोष्ट वेगळी, तो शाळकरी मुलांच्या भारतीय संघातून रीतसर वर आला. तरी 'माळ्याचा पोरगा' हे शेपूट त्याच्या नावाला शेवटपर्यंत चिकटलं. डावखुरा फलंदाज, डाव्या हाताने मध्यमगती आणि फिरकी दोन्ही, म्हणून त्याला 'गरिबांचा सोबर्स' म्हणायचे. कौतुकानेच म्हणायचे. मला मात्र त्या कौतुकातला 'गरीब' हा शब्द जरा खटकतो.

असो. आता फॉरवर्ड शॉर्ट लेग.

ज्यांनी क्रिकेट फक्त टीव्हीवर आणि वीस षटकांचं पाहिलंय त्यांच्यासाठी: फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, दोन-तीन पावलांवर, वाकून बसल्यासारखा उभा असतो तो. आज हेल्मेट, नडगीला पॅड, सगळं असतं, आणि बहुतेक वेळा तिथे संघातल्या सगळ्यात ज्युनियर पोराला ढकलतात. हेल्मेट क्रिकेटमध्ये रुळायला १९७७-७८ उजाडलं. सोलकर त्याआधीचा. उघडं डोकं, उघड्या नडग्या. फलंदाजाने जोरात स्वीप मारला तर वाचायचं कसं हा त्याचा त्याने बघायचा प्रश्न.

आणि गोलंदाज कोण? बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. या चौघांचा चेंडू वळायचा, उसळायचा, बॅटची कड घेऊन पॅडवर आपटायचा आणि वीतभर हवेत जायचा. ते वीतभर उडणं म्हणजे बळी, पण तिथे कुणी असेल तर. नसेल तर नुसता 'अरेरे'. शिवाय दुसरी गोष्ट, जी कुठल्याच तक्त्यात येत नाही: तिथे कुणीतरी टपून बसलाय हे माहीत असलेला फलंदाज पुढे पाय टाकताना बिचकतो. मग तो मागे राहतो आणि पायचीत होतो, नाहीतर वैतागून उंच मारतो आणि लाँग ऑनला झेल जातो. बळी बेदीचा, झेल भलत्याचाच. सोलकरचं नाव कुठेच नाही. आमच्या धंद्यात कसं, सिस्टीम कोलमडली तर लॉगमध्ये पानंच्या पानं सापडतात, पण कुणीतरी नीट काम केल्यामुळे जे कोलमडलंच नाही त्याची एक ओळही सापडत नाही.

जे सापडतं तेही कमी नाही म्हणा. २७ कसोटींत ५३ झेल. म्हणजे सामन्याला जवळजवळ दोन. यष्टिरक्षक सोडले तर निदान वीस कसोटी खेळलेल्यांत हे प्रमाण जगात कुणाचंच नाही. फोनवर मी बाबांना जे आकडे वाचून दाखवले त्यात हा एवढाच वाचला नव्हता. स्क्रीनवर होता. नजर फलंदाजीच्या सरासरीवरच गेली, सवय तशीच आहे आपली.

आता तो झेल. ओव्हल, सोमवार, २३ ऑगस्ट १९७१. इंग्लंड पहिल्या डावात ३५५, आपण २८४. त्यांची ७१ ची आघाडी, आपण मागे. दुसऱ्या डावात चंद्राने एड्रिचला त्रिफळाचीत केलं आणि लगेच पुढच्या चेंडूवर फ्लेचर: झे. सोलकर गो. चंद्रशेखर ०. मग थोड्या वेळाने आला ॲलन नॉट, यष्टिरक्षक, पहिल्या डावात ९० करून गेलेला चिवट गडी. तो टिकला असता तर सामना गेला असता. वेंकटचा चेंडू, बॅट-पॅड, आणि सोलकर पुढे झेपावून जमिनीवर पूर्ण आडवा, चेंडू हातात. झे. सोलकर गो. वेंकटराघवन १. इंग्लंड सर्वबाद १०१. चंद्राचे ३८ धावांत ६. दुसऱ्या दिवशी आपण १७३ चं लक्ष्य चार गडी राखून गाठलं, इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय. तो दिवस गणेशचतुर्थीचा होता, आणि मैदानावर कुणीतरी खरोखरची हत्तीण आणून फिरवली होती!

आमच्या घरी हे पोचलं कसं? बाबांच्या काकांच्या मर्फी रेडिओवर, शॉर्टवेव्हवर, बीबीसी. खरखर, मध्येच आवाज बुडणार, मध्येच कुठलं तरी परदेशी गाणं. बाबांचं इंग्रजी तेव्हा यथातथाच. तो सगळा इंग्रजीचा धबधबा चालू, त्यात एकदम मैदानातला गलका, आणि 'सोलकर'. पुन्हा 'सोलकर'. बास, एवढंच कळलं. पण आपलं कोकणी वळणाचं आडनाव त्या साहेबाच्या तोंडून ऐकलं आणि चौघं पोरं अंगणात नाचली. नागपूरचा पेपर दुसऱ्या दिवशी उशिरा यायचा. फोटो आणखी नंतर. तो आडवा झालेला प्रसिद्ध फोटो बाबांनी कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. म्हणजे यांची आठवण म्हणजे एक गलका, एक आडनाव आणि एक काळा-पांढरा फोटो. मधलं सगळं त्यांनी स्वतः भरलं.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. या एका झेलाने बाकीचा सोलकर खाऊन टाकला. त्याच ओव्हलवर पहिल्या डावात त्याने २८ धावांत ३ बळी घेतले होते. आपण ५ बाद १२५ असताना इंजिनियरबरोबर ९७ ची भागी केली होती, स्वतःच्या ४४. ती नसती तर दुसऱ्या दिवशीचा विजय कुठून आला असता? त्याच वर्षी आधी वेस्ट इंडीजमध्ये, किंग्स्टनला ५ बाद ७५ वर सरदेसाईबरोबर १३७ ची भागी. ब्रिजटाउनला ६ बाद ७० वर पुन्हा सरदेसाईबरोबर १८६ ची. त्या मालिकेच्या गोष्टी निघाल्या की गावसकरच्या ७७४ धावा निघतात, सरदेसाई निघतो, आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं? तिथेही हा दुसऱ्याच्या ओळीतच.

१९७४ चा इंग्लंड दौरा तर विसरावा असाच. लॉर्ड्सवर सर्वबाद ४२. त्यातल्या १८ सोलकरच्या, नाबाद, एका षटकारासकट. त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डला दुसऱ्या डावात बॉयकॉटला त्याने ६ वर काढलं, आणि त्यानंतर बॉयकॉट तीन वर्षं कसोटी खेळला नाही. सोलकरला घाबरून, असं बाबांचं ठाम मत. इतकं काही मी म्हणणार नाही. बॉयकॉटची भांडणं पुष्कळ होती.

जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवरच्या पहिल्यावहिल्या कसोटीत वेस्ट इंडीजविरुद्ध १०२, एकुलतं एक शतक. जानेवारी १९७७ मध्ये कलकत्त्याला शेवटची कसोटी. त्याच मालिकेत बंगलोरला यजुर्वेंद्र सिंग पदार्पणात उतरला आणि त्याच कामासाठी उभा राहून त्याने एका सामन्यात सात झेल घेतले, विश्वविक्रमाची बरोबरी. सोलकर गेला आणि जागा लगेच भरली. क्रिकेट असंच असतं. तरी नंतरही बेदी सांगत राहिला की सोलकर नसता तर आम्ही चौघं एवढे मोठे झालो नसतो.

बाबा आता ७८ वर्षांचे. ओट्यावरच्या चौघांपैकी दोघंच उरलेत, बाबा आणि छापखानेवाले काका. काका मुलाकडे अकोल्याला असतात. दिवाळीत खामगावला होतो तेव्हा मोबाईलवर ती ओव्हलची क्लिप शोधून बाबांना दाखवली. जुनाट, धुरकट, काही सेकंदांची. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावली. चार-पाच वेळा झालं. मला वाटलं, कुठल्या हाताने पकडला तो वाद आता मिटणार. पण ते हाताकडे बघतच नव्हते.

"इतका जवळ?" म्हणाले.

मग माझ्याच मोबाईलवरून काकांना फोन लावायला सांगितला. काकांना ऐकू कमी येतं, त्यामुळे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बाबा सांगत होते, "अरे, पोरानं मले तो झेल दाखवला. आपला चुकलं बापा. आपण त्याले लई लांब उभा केला होता!"