पंतोजीचा शिधा व मास्तरांचा पगार : भिवंडीच्या अनुषंगानें एक टिपण

जुन्या शाळामास्तराच्या वेतनाचा आंकडा हातीं लागला कीं, तो किती अल्प होता याबद्दल हळहळ व्यक्त करून आपण पुढें जातों. परंतु त्या आंकड्याशेजारीं त्याच गांवच्या बाजारांतील तांदुळाचा भाव मांडल्यावांचून त्यांतून कोणताही निष्कर्ष निघत नाहीं. या दृष्टीनें भिवंडी लक्षांत घेण्याजोगी आहे; कारण भात सडणें व तांदुळाचा व्यापार हा तेथील जुना धंदा होय.

जून १८१७ च्या पुण्याच्या तहानें पेशव्यांनीं उत्तर कोंकण इंग्रजांस दिलें, त्यांत हा कसबाही गेला. त्या काळीं शाळा म्हणजे पंतोजीची खाजगी शाळा. १८२० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या चौकशा केल्या, त्यांवरून पंतोजीच्या प्राप्तीचें स्वरूप कळतें : मुलामागें थोडी रोकड, कांहीं धान्य, सणासुदीस शिधा. प्राप्ति तुटपुंजी खरीच. पण तिच्यांतील धान्याचा भाग महागाईनें घटत नसे. भाव कितीही चढो, शेरभर तांदूळ शेरभरच राही. दुष्काळांत पालकाचेंच कोठार रितें झालें म्हणजे मात्र शिधाही बुडे.

१८२६ सालीं कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं तयार झालेले २४ शिक्षक जिल्ह्यांत पाठविण्यांत आले. १८५५ सालीं स्वतंत्र शिक्षणखातें झालें. येथून मास्तर दरमहा रोख पगाराचा नोकर झाला. पगार ठरलेला आला, त्याबरोबर भाववाढीचा धोकाही त्याच्या पदरीं आला.

ही अडचण शाळांच्या उत्पन्नाच्या रचनेंतच होती. १८६३ पासून जमीनमहसुलाच्या रुपयामागें एक आण्याचा स्थानिक कर बसला व त्याचा एक तृतीयांश शिक्षणास मिळूं लागला. पण पाहणी-बंदोबस्तानें महसूल सामान्यतः तीस वर्षांकरितां कायम होई. म्हणून त्यावरील आणाही जवळजवळ स्थिर. इकडे अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) कापसाचा पैसा मुंबईंत लोटला व भाव भडकले. १८५४ सालींच आगगाडी कल्याणास पोंचली होती. तेव्हां मुंबईची महागाई शेजारच्या भिवंडीस दूरची राहिली नव्हती. तांदूळ विकणाऱ्यास ती लाभली, पगारावर तांदूळ घेणाऱ्यास भोंवली.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं मास्तरांस निदान १२ रुपये, व मोठ्या गांवीं १५ ते २० रुपये द्यावे, असें सुचविलें. १२ रुपये म्हणजे दिवसास साडेसहा आण्यांहूनही कमी. आणि हीच सुधारणेची मागणी होती! गांवचे हिशेब तपासणें, टपाल पाहणें अशीं कामें मास्तरांकडे सोपवावीं, असेंही त्यांनीं म्हटलें होतें.

पहिल्या महायुद्धानंतर ही गोष्ट आंकड्यांत दिसूं लागली. जुलै १९१४ चा खर्च १०० धरला, तर मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा सूचकांक ऑक्टोबर १९२० मध्यें दुपटीच्या घरांत गेला. ज्याचा पगार त्या काळांत दुप्पट झाला नाहीं, त्याचा पगार कमीच झाला, असें म्हटलें पाहिजे. महागाईभत्ता म्हणजे एका अर्थीं जुन्या शिध्याचेंच नवें रूप. तो जेथें नसतो तेथें काय होतें, हें अलीकडेही दिसलें : महाराष्ट्रांत प्राथमिक शिक्षणसेवकांचें मासिक मानधन कित्येक वर्षें ६,००० रुपयांवर गोठलें होतें, तें १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झालें.

संग्राहकांस एक विनंती आहे. सनदा व बखरी आपण जपतों. वाण्याच्या कीर्दी-खतावण्या आणि शाळांचीं पगारपत्रकें मात्र रद्दींत जातात. भिवंडीचे जुने वाडे पडत आहेत. एकाच गांवचीं व एकाच सालचीं अशीं दोन्हीं प्रकारचीं कागदपत्रें मिळालीं, तर तीं एकत्र ठेवावीं. त्यांची ताटातूट करूं नये. एकांत मास्तरांचा पगार असतो, दुसऱ्यांत त्याची किंमत.