बेगमी आणि पडशी

गेल्या वैशाखात घराला रंग काढायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा जुन्या पेटाऱ्यातून तीन वस्तू खाली आल्या. एक पितळेचा फिरकीचा तांब्या, एक जाड सुताची, कमरेला गुंडाळण्याची हमाणी आणि दोन्ही टोकांना पिशव्या असलेली, मध्ये खांद्यावर टाकायची पडशी. आमच्या आजोबांनी ह्याच तीन वस्तूंवर काशीयात्रा केली, असे वडील सांगत. आमच्या चिरंजिवांनी परदेशातून त्या वस्तूंची छायाचित्रे पाहिली आणि कळविले, "बाबा, ह्यालाच आता इकडे रोज अंगाशी बाळगायचे सामान म्हणतात. लोक त्यावर पगार उधळतात." त्यांनीच चार वर्षांपूर्वी आम्हांला संकटकाळची म्हणून एक बॅग पाठविली होती. त्या बॅगेची हकीकत पुढे येईल. तूर्त एवढेच, की त्या संभाषणामुळे आमचे मन जुन्या कागदांकडे वळले. आपल्या लोकांनी संकटासाठी काय जमविले, काय अंगावर बाळगले आणि थोडक्या पैशात ते कसे निवडले, ह्याचा मागोवा घ्यावा असे वाटले.

मराठीत ह्या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. घरात साठवून ठेवायची ती बेगमी. वाटेवर बरोबर न्यायची ती शिदोरी, आणि ती वाहायची पडशी. बेगमीचा हिशेब महिन्यांचा, पडशीचा हिशेब वजनाचा. दोन्हींची गल्लत झाली की संकट आलेच म्हणून समजावे.

बेगमीचा आपल्याकडील सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणजे शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना गेलेले पत्र. ते मे १६७३ चे मानतात; काही अभ्यासक ते १६७४ चे समजतात. पावसाळ्यासाठी घोडदळ तेथे मुक्कामाला होते आणि दाणा-वैरण मोठ्या कष्टाने जमविलेली होती. महाराज बजावतात, की आज मुबलक आहे म्हणून मनास येईल तसे उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेच्या दारी जाल. कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण उचलील. आणि रयत म्हणेल की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. राज्यकर्त्याच्या लेखणीतून उतरलेले हे शब्द वाचताना आम्हां जुन्या महसुली नोकरांच्या अंगावर आजही काटा येतो. बेगमी संपणे म्हणजे केवळ आपली उपासमार नव्हे, तर शेजाऱ्याच्या कणगीत हात घालण्याची सुरुवात, हे त्यांनी सहज सांगून टाकले आहे.

पत्रातील पुढचा भाग तर घरोघरच्या गृहिणीने वाचावा असा आहे. कोणी आगट्या करील, कोणी चिलीम ओढील, रात्री तेवत ठेवलेल्या दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सारी वैरण एका रात्रीत जाईल. मग कोणाची मान कापली तरी घोडा उभा राहणार नाही. उंदराचा विचार करणारा राजा! जमविणे हे अर्धे काम, जमविलेले राखणे हे दुसरे अर्धे, आणि ह्या दुसऱ्या अर्ध्याला पैसा लागत नाही, लक्ष लागते.

हेच लक्ष पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, दुर्गप्रकरणात दिसते. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. आणि एखादा झरा आहे एवढ्यावर निश्चिंत न राहता दोनचार टाकी जास्त खोदावी, कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात आणि पाण्याचा खर्च तर वाढतो. ते जादा पाणी नित्याच्या वापरात खर्चू नये. दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे. आणि त्यातील माल ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा बंद करून मोहोर करावी. गडावरचा केरकचरा जाळून त्याची राखही परसात भाजीला घालावी, इथपर्यंत पंतांची नजर जाते. एवढ्या बारकाव्याने लिहिणारा माणूस श्रीमंतीतून नव्हे, तर वेढ्यातून शिकलेला होता. जिंजीच्या दिवसांत इकडे महाराष्ट्रात राज्य तगवून धरणाऱ्यांत तो प्रमुख होता.

ह्याच्या उलट उदाहरण आपणां सर्वांच्या घरी श्राद्धपक्षात आठवले जाते. पानिपतावर सैनिकांसोबत तीर्थयात्रेकरू, बायका-मुले, बुणगे असा प्रचंड पसारा होता, आणि रसदेची वाट एकच. डिसेंबर १७६० मध्ये अंतर्वेदीतून रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि ती वाट बुजली. पुढचे दिवस उपासाचे. १४ जानेवारी १७६१ रोजी जे लढायला उतरले ते भुकेने मरण्यापेक्षा लढून मरू, ह्या निर्धाराने. शिवकालीन राऊताची सडी स्वारी, म्हणजे खोगिराखालचे कांबळे, घोड्याचा तोबरा आणि भाजलेले दाणे, कुठे, आणि हा पसारा कुठे! त्या दिवशी पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या बैलावर घालून वाचविले. तोफा, हत्ती, डेरेदांडे सारे तेथेच राहिले. आपल्या ह्या माळव्यातील शिंदेशाहीचे पुढचे सारे वैभव त्या पखालीच्या बैलाच्या पाठीवरून आले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. महादजींनीही त्या भिस्त्याला भाऊ मानून सेनापतिपदापर्यंत चढविले.

आता पडशीकडे. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडावे ह्या हेतूने उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही वार्ता त्यांच्या कानी आली होती. ह्या त्याच बायजाबाई, ज्यांनी आपल्या उज्जयिनीतील गोपाळमंदिर उभारले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला, आणि तो आपल्या बहुतेक घरांत एकदा तरी वाचला गेला आहे. आम्ही तो ह्या वेळी निराळ्या दृष्टीने वाचला: ह्या माणसाजवळ काय होते, काय गेले आणि काय राहिले?

गेला तो पैका. झाशीच्या वेढ्यानंतरच्या लुटीत आणि नंतरच्या वाटेवर मिळविलेले बहुतेक सारे हातचे गेले. राहिले ते अगदी स्वस्त असे. काल्पीच्या वाटेवर पहाटे विहिरीशी ते पाणी काढीत असता झाशीची राणी थकून, तहानेने व्याकूळ होऊन तेथे आली. त्यांच्या जवळचे मातीचे मडके आणि दोर घेऊन तिने स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने ती प्याली. हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला मात्र ह्या वेळी त्यात दिसला तो दोर. राज्य गेलेल्या स्त्रीच्या उपयोगी त्या क्षणी भिक्षुकाचे मडके-दोर पडले. आपल्या ह्या भागात 'लोटा-डोर घेऊन घर सोडले' असे म्हणण्याची रीत आहे ती उगाच नव्हे. विहीर सर्वांची असे, पण तिच्या तळापर्यंत पोचण्याचे साधन ज्याचे त्याने आणायचे असे. पुढे अडीच-तीन वर्षांनी विष्णुभट घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. धन वाटेत गेले आणि पाणी घरी पोचले.

उज्जयिनीला लुटीचा अनुभव तर घरचाच आहे. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि शहर नागवले गेले. त्याच वर्षी सर्जेराव घाटग्यांनी इंदुराची तीच गत केली. मराठ्यांनीच मराठ्यांची शहरे धुऊन नेली, हे लिहिताना लेखणी अडखळते. पण आपल्या ज्या पूर्वजांनी तो काळ पाहिला, त्यांच्या घरांतून भिंतीतली बळदे, जमिनीतली पेवे आणि कमरेची हमाणी कशासाठी होती, हे त्याशिवाय समजत नाही. मोठी रक्कम हुंडीने जाई, जवळ असे ती चार दिवसांच्या खर्चापुरती, आणि तीही दोन ठिकाणी विभागलेली. पावलापावलावर पाणी आणि भाकरी अशी ज्याची ख्याती, त्या माळव्यालाही संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या छप्पन्या दुष्काळाने सोडले नाही. कधी दुष्काळ न पाहिलेल्या प्रांताची बेगमीची सवय मोडलेली असते, हेच त्या वर्षीचे खरे दुखणे होते.

आता आमची स्वतःची फजिती सांगितलीच पाहिजे. आमचे घर माधवनगरात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजात, टॉवर चौकापासून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री मुसळधार पाऊस झाला, दिवे गेले, रस्त्यावर गुडघाभर पाणी आले आणि पहाटे दोनला सौभाग्यवतींना दम्याचा झटका आला. आम्ही शासकीय सेवेत असताना पूरनिवारणाच्या बैठकांना बसलेलो, तहसिलांना याद्या पाठविलेल्या. त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. चिरंजिवांची ती बॅग अंधारात ओढून काढली. होकायंत्र हाती लागले. चौदा पात्यांचा चाकू लागला. मासे धरण्याचा गळही निघाला. आमच्या घरात आणि तोही ह्या तीर्थक्षेत्री! विजेरी सापडली, पण तिच्यातील सेल पाझरून पांढरी पूड झाली होती. दम्याचा फवारा उशाशी होता, परंतु तो संपत आला आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. मोबाइलची बॅटरी गेलेली, आणि त्यामुळे एकाचाही क्रमांक ठाऊक नाही. शेवटी देवघरातील समई लावली, तिच्या उजेडात छत्री शोधली आणि चार घरे पलीकडे राहणाऱ्या, तोच आजार असलेल्या गृहस्थांचे दार ठोठावले. त्यांनी आपला न उघडलेला फवारा दिला. तिथून परत येईपर्यंतची ती दहा मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. बॅगेत आठशे ग्रॅम पोलाद होते आणि जी पन्नास ग्रॅमची वस्तू हवी होती ती शेजाऱ्याच्या कपाटात होती.

त्यानंतर आम्ही ती यादी नव्याने केली, पण ह्या वेळी अमात्यांच्या पद्धतीने, पाण्यापासून. पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज तीन-चार लिटर धरले, तर दोघांना तीन दिवसांचे चोवीस लिटर होते. झाकणाच्या दोन कळशा आणि एक प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे नवा खर्च जवळजवळ शून्य. हे पाणी नित्याच्या वापराचे नाही, पण दर आठवड्याला झाडांना घालून बदलायचे. त्यानंतर औषधे. आमच्या वयाच्या माणसाने चाकूवर दमडी खर्च करण्याआधी रोजच्या गोळ्यांचा पंधरा दिवसांचा जादा साठा आणि एक भरलेला फवारा ठेवावा, ह्या मतावर आम्ही ठाम आहोत. मीठ-साखरेचे पाणी घरीच होते: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तिसरा क्रम उजेडाचा. साधी विजेरी घ्यावी, सेल बाहेर काढून शेजारी ठेवावेत, आणि काडेपेटी जुन्या औषधाच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत. फुटाणे, गूळ, सातूचे पीठ, मेतकूट ह्यांना चूल लागत नाही. दशम्या आदल्या दिवशी माहीत असेल तरच, आणि संकट आदल्या दिवशी कळवीत नाही.

अंगावर बाळगायचे ते आणखी थोडे. बाहेर पडताना आमच्या खिशात आता शिट्टी, दोन दिवसांच्या गोळ्या, थोडे सुटे पैसे आणि एक कागद असतो. कागदावर नाव, रक्तगट, आजार, घरचे व दोन शेजाऱ्यांचे क्रमांक आणि १०८ व ११२. मे २०१६ मध्ये सिंहस्थात वादळाने मांडव कोसळले आणि काही यात्रेकरू दगावले, त्या गर्दीत हरवलेल्या कित्येक वृद्धांना आपल्या घरचा क्रमांक सांगता येत नव्हता, हे आम्ही सेवेत असताना डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांपैकी एक आजी आपल्या गावाचे नाव सांगे, पण जिल्हा सांगता येईना, आणि त्या नावाची गावे आमच्या सूचीत सात निघाली. आता २०२८ चा सिंहस्थ फार दूर नाही.

ह्या सर्वांत सगळ्यांत महाग वस्तू एकच निघाली, ती म्हणजे शेजाऱ्याशी संबंध. आपल्या घरांतली मुले पुण्या-बंगळुरास आणि त्याहून दूर आहेत, आणि मोठमोठ्या वाड्यांत, बंगल्यांत दोन-दोन वृद्ध उरले आहेत. आमच्या गल्लीतील पाच घरांनी एकमेकांच्या औषधांची यादी अदलाबदल केली आणि एक-एक किल्ली शेजारी ठेवली, तेव्हा प्रथम काहींना संकोच वाटला. आम्हांलाही वाटला. पण शिवाजी महाराजांच्या पत्रातील भीती शेजाऱ्याच्या दारी न विचारता जाण्याची होती. विचारून जाण्याची वाट आधीच आखून ठेवली तर तीच बेगमी होते.

तांब्याला कल्हई करून घेतली. उज्जयिनीत कल्हईवाला शोधायला तीन दिवस गेले. त्याने फिरकी दोनदा फिरवून पाहिली आणि आटे अजून पक्के आहेत, थेंब गळणार नाही, असे सांगितले. होकायंत्र आणि गळ परत पेटाऱ्यात गेले. पेन्शन जमा होण्याच्या दिवशी विजेरीचे सेल आणि फवारा पाहायचे असे ठरले असून, सौभाग्यवतींनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बाराही महिने त्या तारखेभोवती तांबडे वर्तुळ काढून ठेवले आहे.